पांढरी भिंत कशी काढतात? चिनी शाईचित्रातलं घर आणि शहर

हाँगकाँगच्या कला संग्रहालयात चिनी चित्रकार वू ग्वानचोंग यांचं ‘दोन पाकोळ्या’ हे १९८१ सालचं चित्र आहे. यांगत्से नदीच्या दक्षिणेला, जिआंगनान भागात जशी घरं असतात तसं एक घर त्यात आहे. लांबलचक पांढरी भिंत, तिच्यावर काळ्या कौलांची पट्टी, उभी काळी दारं, एक झाड आणि पटकन दिसणारही नाहीत अशा दोन लहान पाकोळ्या. चित्राचा सर्वांत मोठा भाग म्हणजे ती भिंत, आणि नेमकी तीच काढलेली नाही. तिथे फक्त कागद आहे.

चिनी शाईचित्रात पांढरा रंग परंपरेने फार कमी वापरतात. धुकं, पाणी, बर्फ, आकाश, चुन्याची भिंत या सगळ्यांसाठी कागद कोरा सोडतात. म्हणून या चित्रांमधलं घर, आठवण आणि एकटेपण समजून घ्यायचं असेल तर आधी कागद आणि शाई एकमेकांशी कशी वागतात ते कळायला हवं. नुसते विषय पाहत गेलो तर ‘रिकाम्या रस्त्यावर एक माणूस, म्हणजे एकटेपणा’ इतपतच हाती लागतं.

कागद, काजळी आणि सरस

या कामाचा मुख्य कागद म्हणजे शुआन कागद. तो चीनच्या अनह्वेइ प्रांतातल्या जिंग तालुक्यात बनतो. छिंगतान नावाच्या झाडाच्या सालीचे तंतू आणि भाताचा पेंढा एकत्र करून तो हाताने गाळतात. ही कला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. आपल्याकडे याला सरसकट ‘राइस पेपर’ म्हणतात, पण त्यात तांदूळ नसतो. सालीचं प्रमाण जास्त असेल तर कागद ओला असतानाही ताण सहन करतो, पेंढा जास्त असेल तर मऊ आणि लवकर फाटणारा होतो. नेहमीचा ‘चार फुटी’ ताव ६९ × १३८ सें.मी. असतो.

या कागदाचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची चिनी नावं अगदी स्वयंपाकघरातली आहेत: कच्चा आणि शिजवलेला. शिजवलेल्या कागदावर सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात दिलेला असतो, त्यामुळे शाई जिथे लावाल तिथेच थांबते. बारीक रेघांची, थरावर थर देऊन केलेली चित्रं यावर होतात. कच्च्या कागदावर असं काही लावलेलं नसतं, म्हणून शाई फुटते. शाळेत टीपकागदावर थेंब पडला की तो जसा कडेने पसरत जायचा, तसंच. फरक इतकाच, की इथे ते फुटणंच चित्रकाराला हवं असतं आणि ते किती होऊ द्यायचं हे तो ठरवतो. कुंचल्यात पाणी किती, हात किती वेगाने चालतो आणि हवेत दमटपणा किती, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असतं.

शाई म्हणजे काजळी आणि सरस. पाइनच्या लाकडाची किंवा तुंग झाडाच्या बियांच्या तेलावर चालणाऱ्या दिव्याची काजळी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसात मळतात आणि तिच्या कांड्या पाडून वाळवतात. तेलाच्या काजळीची शाई चकचकीत, किंचित तपकिरीकडे झुकणारी, तर पाइनची निळसर आणि मंद असते. कांडी दगडी सहाणेवर पाणी घेऊन उगाळतात, आपण चंदन उगाळतो तशीच. सुरुवातीला अर्धा चमचा पाणी पुरे. कांडी सरळ धरून, दाब न देता, गोल गोल दहा-पंधरा मिनिटं फिरवायची. घाईने दाबून घासली तर भरड कण सुटतात आणि रेघेत खरखरीतपणा येतो. काम झालं की कांडी पुसून ठेवायची. ओली कांडी सहाणेवर उभी राहिली तर चिकटते आणि ओढून काढताना सहाणेचा टवका निघतो.

शाई कागदात शिरताना पाण्याबरोबर काजळीचे सूक्ष्म कण तंतूंच्या आत जातात. पाणी उडालं की सरस त्यांना तिथे धरून ठेवतो. पुन्हा ओलं केलं तरी ते सहसा सुटत नाहीत, आणि काजळी म्हणजे कार्बन असल्यामुळे उन्हाने विटतही नाही. त्यामुळे खोडणं, पुसणं, खरवडणं, वरून रंग देऊन झाकणं यातलं काही इथे चालत नाही. चुकलेली रेघ चित्रात राहते किंवा पूर्ण ताव बाजूला जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट स्वतः करून पाहण्यासारखी आहे. कच्च्या कागदावर फिकट शाईचा एक रुंद पट्टा ओढा. तो अर्धवट वाळला की तेवढ्याच फिकट शाईचा दुसरा पट्टा त्याला आडवा काढा. जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे पहिला पट्टा वर आणि दुसरा त्याच्या मागे गेल्यासारखा दिसतो. कारण सोपं आहे: पहिल्या पट्ट्यातल्या सरसाने आणि काजळीने तंतूंमधली जागा आधीच भरून टाकलेली असते, दुसऱ्याला तिथे शिरता येत नाही. तैलरंगात नंतरचं जुन्याला झाकतं. इथे आधीचं पुढे राहतं. या माध्यमाचा आठवणीशी संबंध जोडताना लोक कवितेची भाषा वापरतात, पण तो संबंध इतका साधा आणि कागदातच आहे.

न पाहता काढणं

दुसरी गोष्ट पद्धतीची. चिनी निसर्गचित्रासाठी ‘शान-शुई’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ डोंगर-पाणी. हे चित्र जागेवर बसून समोरचं पाहत काढायची परंपरा नव्हती. फिरून यायचं, मनात साठवायचं आणि घरी बसून काढायचं. पाचव्या शतकातले चित्रकार त्सोंग बिंग (३७५–४४३) म्हातारपणी आजाराने फिरेनासे झाले, तेव्हा त्यांनी पूर्वी हिंडलेले डोंगर खोलीच्या भिंतींवर काढले. याला ‘पडल्या पडल्या प्रवास’ असं नाव पडलं. म्हणजे एका खोलीत एकट्याने बसून दूरची जागा आठवणीतून उभी करणं हा या चित्रांचा आजचा नवा विषय नाही, ती पहिल्यापासूनची कामाची रीत आहे. ज्या जागेवर परत जाता येत नाही तिचं चित्र काढण्याची चिनी चित्रकारांना दीड हजार वर्षांची सवय आहे.

एकटेपणासाठीही एक जुनं चित्र पाहायलाच हवं. चित्रकार नी त्सान (१३०१–१३७४) हे वूशी शहरातल्या श्रीमंत घराण्यातले. युआन राजवटीच्या शेवटच्या धामधुमीत त्यांनी मालमत्ता सोडली आणि ताइ सरोवराच्या परिसरात नावेवर, ओळखीच्यांकडे राहून वर्षं काढली. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातलं त्यांचं १३७२ चं चित्र असं आहे: खाली खडकाळ काठ, चार-पाच विरळ झाडं, एक रिकामा मंडप, मध्ये बरीच कोरी जागा म्हणजे पाणी, आणि वर लांबचे बुटके डोंगर. माणूस कुठेच नाही. कुंचला इतका कोरडा आहे की रेघेत कागदाचा पोत दिसतो. चित्राच्या नावाचा अर्थ ‘गुडघे मावतील एवढी खोली’. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. आजच्या शहरी शाईचित्रांत जेव्हा रिकामी खुर्ची, उघडी खिडकी किंवा माणूस नसलेला जिना येतो, तेव्हा चिनी पाहणाऱ्याला हा मंडप आठवतो. पाश्चात्त्य चित्रातला खिडकीशी बसलेला उदास माणूस त्याच्या मनात पहिल्यांदा येत नाही.

काँक्रीटसाठी रेघ कुठून आणायची?

आता खरी अडचण. चिनी चित्रकलेत दगडाचा पोत दाखवण्यासाठी ठरलेले फटकारे आहेत, त्यांना ‘त्सुन’ म्हणतात. ‘तागाचे धागे’ हा लांब, सैल फटकारा दक्षिणेच्या मातीच्या डोंगरांसाठी, ‘कुऱ्हाडीचे घाव’ हा आडव्या कुंचल्याचा फटकारा कातळाच्या कड्यांसाठी. असे डझनावारी फटकारे शतकानुशतकं घडत गेले. पण काँक्रीटच्या भिंतीसाठी, काचेच्या इमारतीसाठी, एकसारख्या चारशे खिडक्यांसाठी एकही फटकारा परंपरेत नव्हता. शुआन कागदाला मुळात सरळ रेघेचा तिटकारा आहे. हात जरा रेंगाळला की कड फुटते.

आणि शहर तर वेगाने आलं. १९७८ मध्ये चीनची सुमारे १८ टक्के लोकसंख्या शहरांत राहत होती, २०११ मध्ये हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलं आणि २०२० च्या जनगणनेत जवळपास ६४ टक्के झालं. १९५८ पासूनच्या कुटुंब-नोंदणीच्या पद्धतीमुळे माणूस शहरात राबतो, पण कागदोपत्री गावचाच राहतो. अशा स्थलांतरित कामगारांची संख्या २०१९ मध्ये २९ कोटींवर होती. बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांत, हुतोंगांत, १९९० नंतर भिंतींवर वर्तुळात एक अक्षर दिसू लागलं: ‘चाई’, म्हणजे पाडा. ‘घर’ हा विषय चित्रांत इतका का आला, याचं उत्तर या दोन-तीन ओळींत बरंचसं मिळतं. शेन्झेनसारख्या १९८० नंतर उभ्या राहिलेल्या शहरात चित्रकारांनी ‘शहरी शाईचित्र’ हा विषय जाणीवपूर्वक हाती घेतला, आणि १९९८ मध्ये तिथे शाईचित्रांचं पहिलं द्वैवार्षिक प्रदर्शन भरलं.

वू ग्वानचोंग (१९१९–२०१०) यांनी काढलेली वाट भूमितीची आहे. ते पॅरिसमध्ये शिकले, १९५० मध्ये परतले, सांस्कृतिक क्रांतीत त्यांना खेड्यात श्रमाला पाठवलं तेव्हा शेणखताची पाटी ईझलसारखी वापरून त्यांनी तैलचित्रं केली, आणि शाईकडे ते १९७० च्या दशकाच्या मध्यात, पन्नाशी उलटल्यावर वळले. त्यांनी डोंगराचे फटकारे घरावर लादले नाहीत. घराचे तीन भाग केले: काळी आडवी पट्टी, काळा उभा तुकडा आणि मधलं कोरं. कौलं एकेक काढली नाहीत.

बीजिंगची घरं काढणाऱ्या ली श्याओक यांनी दुसरी वाट धरली. त्यांचे वडील ली करान (१९०७–१९८९) थरांची शाई वापरण्यासाठी प्रसिद्ध होते: फिकट थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, असं अनेकदा, म्हणजे काळ्यातही आत खोलवर दिसत राहतं. मुलाने ती रीत हुतोंगांच्या राखाडी छपरांसाठी वापरली. छपरावर बर्फ असेल तर काम आणखी अवघड, कारण बर्फ म्हणजे पुन्हा कोरा कागद, आणि प्रत्येक थर देताना तो वाचवावा लागतो.

तिसरी वाट फाडण्याची आहे आणि ती सर्वांत धीट आहे. शांघायचे छिउ देशू (१९४८–२०२०) शाई-रंग दिलेला शुआन कागद फाडायचे आणि तुकडे दुसऱ्या कागदावर मध्ये फटी ठेवून चिकटवायचे. त्या पांढऱ्या फटी हीच त्यांची रेघ. कुंचल्याने अशी रेघ निघतच नाही, कारण तिला फाटलेल्या तंतूंची कड असते. तैवानचे लिउ कुओ-सुंग (जन्म १९३२) यांनी जाड तंतू घातलेला कागद मुद्दाम बनवून घेतला. त्यावर शाई लावून झाली की ते तंतू उपटून काढायचे, म्हणजे काळ्यात पांढऱ्या शिरा उमटतात. त्यांचे वडील युद्धात मारले गेले, आणि १९४९ मध्ये ते किशोरवयात चीनमधून एकटेच तैवानला पोचले. १९६९ पासून त्यांनी अवकाशातून दिसणारी पृथ्वी काढायला घेतली. ज्याचं गाव समुद्रापलीकडे राहिलं त्याने इतक्या दुरून पाहावं, यात नवल वाटू नये.

यांग योंगल्यांग यांचं काम बऱ्याचदा शाईचित्र म्हणून दाखवतात, पण ते फोटो जोडून केलेलं असतं, हे लक्षात ठेवावं. शांघायच्या ज्यादिंग या जुन्या उपनगरात १९८० साली जन्मलेल्या यांग यांनी लहानपणी परंपरेची चित्रकला शिकली होती. त्यांच्या चित्रात लांबून सोंग काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) चित्रांसारखे डोंगर आणि पाइनची झाडं दिसतात. जवळ गेलं की डोंगर म्हणजे इमारतींचे ढीग आणि झाडं म्हणजे विजेचे मनोरे आणि क्रेन. हातभर अंतराने अर्थ बदलतो, म्हणून हे काम फोनच्या पडद्यावर पाहण्यात फारसा अर्थ नाही.

हाँगकाँगचे चू हिंग-वा

एकटेपणाच्या बाबतीत या सगळ्यांत पहिलं नाव चू हिंग-वा यांचं घ्यायला हवं. ते १९३५ मध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात जन्मले, १९५० मध्ये हाँगकाँगला आले, साठच्या दशकात इंग्लंडमध्ये मनोरुग्णांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेतलं आणि १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत हाँगकाँगमध्ये तेच काम केलं. त्यांच्या शाई-रंगाच्या चित्रांत रात्रीचे रस्ते, इमारती, बागा आणि माणसं असतात. माणसं बरीच असली तरी एकमेकांकडे पाहत नाहीत. कडा ओल्या, किंचित फुटलेल्या असतात. आजूबाजूचा अंधार आणि माणूस यांच्यामध्ये ठाम रेघ नसते, त्यामुळे माणूस अंधारातून पुरता वेगळा होत नाही. दया दाखवण्याचा मोह या चित्रांत कुठेही नाही. आयुष्यभर शेजारी बसून पाहिलेल्या माणसाने काढलेली ती माणसं आहेत, आणि ते दिसतं.

करून पाहायचं असेल तर

पाहणाऱ्यानेही एकदा कुंचला हातात घेतलेला बरा. सामान थोडं लागतं: मऊ आणि ताठ केस मिसळलेला एक मध्यम कुंचला, बाटलीतली चिनी किंवा जपानी लेखन-शाई १०० मि.ली., कच्चा शुआन कागद आणि खाली अंथरायला जाड लोकरी कापड किंवा नमदा. नमदा नसेल तर ओला कागद टेबलाला चिकटतो आणि खालून डाग येतात. आपल्या दुकानांत ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ मिळते ती यासाठी घेऊ नका. तिच्यात लाखेसारखा पदार्थ असतो, शाई हवी तशी फुटत नाही आणि कुंचल्याचे केस कडक होतात. नवा कुंचला खळ लावून टोकदार केलेला असतो, तो साध्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मोकळा करायचा.

पाच वाट्या मांडा. पहिलीत नुसती शाई. दुसरीत शाई आणि पाणी सारखं, तिसरीत एकास चार, चौथीत एकास दहा, पाचवीत एकास तीस. परंपरेत शाईच्या पाच छटा सांगितल्या आहेत, त्यांची ही ढोबळ ओळख. वाळल्यावर प्रत्येक छटा फिकी पडते, म्हणून ओली असताना ‘बरोबर’ वाटली ती नंतर कमी पडणार.

आता चार फुटी तावाचा चौथा भाग, म्हणजे सुमारे ३४ × ६९ सें.मी., आडवा घ्या. आठवणीतलं एक घर निवडा, फोटो पाहू नका. कुंचला आडवा करून दुसऱ्या वाटीतल्या शाईने छपराची एक पट्टी एका दमात ओढा. हात रेंगाळला तर गाठी येतील, फार पळाला तर मध्ये पांढरं राहील. ते राहिलं तर राहू द्या. दार गडद शाईने, मध्यापासून बाजूला. जमिनीपाशी पाचव्या वाटीतली एक फिकट रेघ. थांबा.

बहुतेकांचं चित्र इथेच बिघडतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारून ती ‘पूर्ण’ करायची इच्छा होते. त्या मारल्या की भिंतीची चौकट होते आणि कोऱ्या कागदाचा उजेड जातो. दुसरी चूक म्हणजे दार मधोमध काढणं. घराऐवजी पाटीवरची खूण तयार होते. तिसरी चूक पावसाळ्यात होते. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये कागद आधीच दमट असतो, शाई जास्त पसरते आणि वाळायला दुप्पट वेळ घेते. अशा वेळी कुंचला वाटीच्या काठावर अधिक निपटून घ्यायचा.

रात्रीची इमारत काढायची तर खिडक्यांचा उजेड वाचवावा लागतो. कच्च्या कागदावर गडद थर खिडकीत घुसतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे तुरटीचं कोमट पाणी, त्यात थोडा सरस. त्याने खिडक्या आधी भरून घ्यायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या आणि मग शाईचा थर द्यायचा. तेवढ्या जागी कागद शाई घेत नाही. तुरटी जास्त झाली तर कागद आम्लधर्मी होऊन काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून चिमूटभरच.

वाळल्यावर कागद सुरकुततो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चित्र ओलं करून पाठीमागे गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने दुसरा कागद लावतात आणि फळीवर ताणून काही दिवस सुकवतात, तेव्हा ते सपाट होतं. मात्र शिळी शाई वापरली असेल तर जपा. रात्रभर राहिलेल्या शाईतला सरस कुजतो, कण एकत्र येतात आणि रेघेभोवती एक खरबरीत, खोल काळेपणा येतो. चित्रकार ह्वांग बिनहोंग (१८६५–१९५५) यांनी ती मुद्दाम वापरली. पण कणांना धरून ठेवणारा सरसच गेलेला असतो, म्हणून पाठीमागचा कागद लावताना अशी शाई पाण्याबरोबर वाहते आणि सर्वांत आधी घाण होते ती कोरी ठेवलेली भिंत.

हे दोन-चार वेळा केल्यावर वू ग्वानचोंग यांचं १९९६ मधलं ‘जिआंगनानची आठवण’ शोधून पाहा. त्यांनी ‘दोन पाकोळ्या’मधलं घर पंधरा वर्षांनी पुन्हा घेतलं आहे. आता दारं नाहीत, झाड नाही; काही काळ्या रेघा आणि थोडे ठिपके उरलेत. छपराची रेघ कोणती हे लगेच ओळखू येतं. तिच्याखालची भिंत कुठे संपते, हे बोटाने दाखवून पाहा.